चौकटीतली आंटी

मला विचार करण्याचा पगार मिळत असे. हे मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं. आन् काम काय करतीस?"

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी सिंगापूरला एका थिंक टँकमध्ये संशोधक होते. उत्तर युरोपातल्या एका जुन्या सोशल डेमोक्रॅट पक्षाची ती थिंक टँक. कामगारांचा म्हणून सुरू झालेला आणि आता सगळ्यांचा म्हणवणारा असा तो पक्ष. पक्ष तिकडे, मुख्यालय तिकडे, मतदार तिकडे. आणि आशिया कार्यालय म्हणून आम्ही तीन माणसं इकडे, रॅफल्स प्लेसला चौदाव्या मजल्यावर, दोन बँकांच्या मधल्या जागेत. सिंगापूरच्या राजकारणात नाक खुपसायची आम्हाला परवानगी नव्हती आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. आम्ही इथे बसून युरोपातल्या राजकारणाचा विचार करायचो आणि तिकडे पाठवून द्यायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त आमच्या उंटावर एअरकंडिशनर होता.

आमचा संचालक पूर्वी पक्षाच्या पुढाऱ्यांची भाषणं लिहीत असे. उंच, सज्जन, कुणालाही 'सर' म्हणू न देणारा माणूस. पक्षाला थिंक टँक कशाला लागते, हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात चिकन राइस खाता खाता समजावलं होतं. पूर्वी म्हणे त्यांच्याकडे गावोगावी पक्षाची सभागृहं होती. कारखाना सुटला की कामगार तिथे जमायचे, एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे वाद घालायचे, आणि वर्षाच्या शेवटी त्यातून एखादा ठराव वर जायचा. मग सभासद आटले आणि सभागृहं विकली गेली. त्याच्या गावातल्या सभागृहात आता व्यायामशाळा आहे. लोक अजूनही संध्याकाळी तिथे येतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आता विचार कुणी करायचा असा प्रश्न आला, म्हणून मग आम्ही. हे सांगताना त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं भात अर्धा टाकला.

मला ते ऐकून आमचं औरंगाबादचं घर आठवलं. वडील छापखान्यात कंपोझिटर होते आणि वस्तीतल्या अभ्यासमंडळाचे लेखनिक. जयंतीच्या दिवशी घरोघरी वाटलं जाणारं चार पानी पत्रक दर वर्षी तेच लिहायचे. लिहून झालं की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि भाकरी थापणाऱ्या आईला पत्रक वाचून दाखवायचे. आईला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तिला दाखवायचे. ऐकता ऐकता आई जिथे "म्हंजे काय?" म्हणाली, तिथे वडील थांबायचे आणि कानावरची पेन्सिल काढून ते वाक्य खोडायचे. समजावून सांगायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "बाबा, तिला समजावून का सांगत नाही?" ते म्हणाले, "पत्रक वाटताना घरोघरी समजवायला मी जाणार आहे का?" एका वर्षी चार पानांचं पत्रक दीड पानांवर आलं. वडिलांचा चेहरा पडला होता, पण दीडच पान छापलं गेलं. मंडळाचा नियमच होता तसा. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवायचं, मग छापायचं.

हे मी संचालकाला सांगितलं तेव्हा तो फार प्रभावित झाला. त्यानं वहीत टिपून घेतलं आणि या पद्धतीला इंग्रजीत एक छान नावही दिलं. पुढे आम्ही ती पद्धत कधी वापरली नाही, पण नाव दोन अहवालांत वापरलं.

आता त्या कामाविषयी, ज्यातून हे सगळं झालं. पक्षात त्या वेळी म्हातारपणावरून दोन तट पडले होते. एक तट म्हणे, निवृत्तीचं वय ही आमच्या आजोबांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे, तिला हात लावायचा नाही. दुसरा तट म्हणे, लोक जास्त जगायला लागले आहेत, त्यांनी जास्त काम करावं. दोन्ही तटांना मान्य होईल असं काहीतरी हवं होतं, आणि असं काही हवं असलं की पक्ष थिंक टँककडे बघतो. मुख्यालयानं आम्हाला कळवलं की सिंगापुरात म्हातारी माणसं बरीच कामं करताना दिसतात, तरी त्यावर एक अभ्यास पाठवावा. निष्कर्ष संतुलित असावा.

अभ्यास कसा लिहायचा यावर संचालकाचा अनुभव दांडगा होता. पुढाऱ्यांना अहवाल वाचायला वेळ नसतो, म्हणून सुरुवातीला दोन पानी सारांश द्यायचा. सारांशालाही वेळ नसतो, म्हणून त्यात एक चौकट टाकायची. चौकटीत एक माणूस असतो, त्याचा फोटो असतो, आणि पाच-सहा वाक्यं. पुढारी भाषणात तेवढंच वापरतात. "अहवाल हा चौकटीला उभं करायचा टेकू असतो," असं तो म्हणायचा.

चौकटीसाठी मला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या ऑफिसात रोज सकाळी आठ ते बारा एक चिनी आंटी यायची. सफाईच्या एका कंत्राटदाराकडून यायची. टेबलं पुसायची, कचरा काढायची आणि पँट्रीत आमचे कप धुवायची. तीही पासिर रिसला राहायची आणि मीही, माझ्यापासून दोन ब्लॉक पलीकडे. सकाळी आम्ही एकाच एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं यायचो. लहानपणी ती एका इंग्रज कुटुंबाकडे कामाला होती, त्यामुळे तिला कामापुरतं इंग्रजी येत असे, आणि तिची कामाबाहेरची वाक्यंही त्यातच बसायची. "यू टू थिन लाह," ती मला म्हणायची. मला त्यात आपुलकी वाटायची, आणि तशी ती होतीही.

कप धुण्यासाठी तिनं सिंकपाशी एक स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसून, गुडघ्यांवर टॉवेल पसरून ती सावकाश कप धुवायची. आमचे सगळे कप मुख्यालयातून आले होते, पांढरे, त्यावर थिंक टँकचं लाल चिन्ह. ते चिन्ह ती अंगठ्यानं घासून लख्ख करायची.

मी फोटो काढायला गेले तेव्हा ती स्टुलावरच बसली होती. कॅमेऱ्यातून बघितलं तर ती अगदी निवांत दिसत होती. एखादी आजी अंगणात शेंगा सोलत बसावी तशी. असा फोटो पाहून युरोपातल्या कुणाला काय वाटणार? मी म्हटलं, "आंटी, जरा उभ्या राहा ना."

"स्टँड फॉर वॉट?"

"फोटोसाठी."

ती सिंकला धरून उठली, कप हातात घेऊन उभी राहिली, मी तीन फोटो काढले आणि तिनं पुन्हा स्टूल ओढलं. वाक्यं मी दुपारी लिहिली. तिला विचारायची मला गरज वाटली नाही, कारण मला ती रोज भेटत होती.

चौकट फार गाजली. मी गंमत म्हणून सांगत नाही. चौकट गाजणं आमच्या धंद्यात फार मोठं असतं. पहिल्या तटानं म्हटलं, बघा, म्हाताऱ्यांना राबवलं की असं होतं. दुसऱ्या तटानं म्हटलं, बघा, या वयातही काम करता येतं. मुख्यालयानं माझं अभिनंदन केलं. मी तो ईमेल दोनदा वाचला आणि आईला फोन केला.

पुढच्या महिन्यात आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली, आणि त्याच आठवड्यात मुख्यालयातून दुसरा ईमेल आला. पक्षाच्या विरोधातल्या कुणीतरी आमचा अहवाल बघितला होता. चौकटीतला फोटो त्यानं मोठा करून बघितला होता. म्हातारीच्या हातातल्या कपावर आमचंच चिन्ह होतं. बाजारानं जिची विश्रांती हिरावून घेतली असं आम्ही लिहिलं होतं, ती आमच्याच पँट्रीत उभी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मुख्यालयानं विचारलं होतं की ही व्यक्ती कोण, आणि आपण तिच्याबाबतीत आपल्या मूल्यांशी सुसंगत आहोत का.

संचालक दोन दिवस अस्वस्थ होता. तो ढोंगी माणूस नव्हता, म्हणूनच पुढचं सगळं झालं. ढोंगी असता तर त्यानं नुसते कप बदलले असते. त्यानं खरोखर विचार केला. या वयाच्या बाईकडून आपण कप धुवून घेतो हे त्याला असह्य झालं. मला त्यानं शिफारशींचं टिपण करायला सांगितलं. शिफारशी तीन ठरल्या: एक, आंटीला सन्मानानं निवृत्त करावं. दोन, यापुढे प्रत्येकानं आपला कप आपण धुवावा. तीन, दुसऱ्या आवृत्तीत कपावरचं चिन्ह संगणकावर पुसावं.

त्या रविवारी आई खाली व्हॉइड डेकवर बसली होती. आमच्या ब्लॉकखालच्या त्या मोकळ्या जागेत संध्याकाळी म्हातारी माणसं येऊन बसत. मी भाजी घेऊन आले तर आई आणि आंटी एकाच बाकावर. आईला मराठीपलीकडे थोडी हिंदी, आंटीला चिनी आणि कामापुरतं इंग्रजी. दोघी एकमेकींना गुडघे दाखवत होत्या. आईनं साडी जरा वर करून सूज दाखवली, आंटीनं पँट वर ओढून तिची दाखवली. आंटीची जास्त होती. आईनं मान हलवून ते मान्य केलं.

"हिला विचार," आई मला म्हणाली, "एवढं दुखतंय तर कामाला का जाती?"

मी विचारलं. आंटीनं सांगितलं ते असं. घरी मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सगळे चांगले आहेत, पण घर लहान आहे आणि ती दिवसभर घरात असली की ते आणखी लहान होतं. काम तर करायचंच. कंत्राटदार मात्र म्हातारीला सांगेल तिथे पाठवतो. बहुतेकींना फूड सेंटरला पाठवतो, ताटं उचलायला. तिथे दिवसभर उभं राहायचं, बसायला मनाई. आमचं ऑफिस तिला मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं. तीनच माणसं, थोडे कप, आणि स्टूल ठेवलं तर कुणी काही म्हणत नाही. "युअर ऑफिस बेस्ट," ती म्हणाली. "कॅन सिट."

मी आईला मराठीत सांगितलं. आईनं आंटीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "ते तू हिच्यावर लिव्हलंस म्हणत होतीस, ते हिला वाचून दाखवलंस का?"

मी म्हटलं, "आई, ते इंग्रजीत आहे."

"मग? हिला येतं की इंग्रजी. माझ्यापेक्षा तर जास्तच येतं."

मी म्हटलं, असं नसतं, हे ऑफिसचं काम आहे, यात पद्धती असतात. मी जरा चिडूनच बोलले. आई मेथी निवडायला बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता काय लिहायलीस?" मी शिफारशींचं टिपण तिला मराठीत सांगितलं. पहिली शिफारस ऐकून ती म्हणाली, "सन्मानानं निवृत्त, म्हंजे काय?"

मी तेव्हा पेन्सिल उचलायला हवी होती. मला कळलं होतं. न कळल्याचं सोंग मी आज करणार नाही. पण माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे तिथल्या कामाच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं, त्याला संचालकाच्या सहीचं पत्र लागत होतं, आणि ते पत्र त्याच्या टेबलावर सही न होता पडलं होतं. तो त्यावरून मला अडवणारा माणूस नव्हता. मला कुणी धमकी दिली नव्हती. तरी मी भ्याले. टेबलावरचं ते पत्र बघूनच भ्याले.

अगदीच मूग गिळून मात्र बसले नाही. मी विरोध केला, पण तळटीपेत. पहिल्या शिफारशीच्या शेवटी एक बारीक आकडा टाकला आणि पानाच्या तळाशी लिहिलं: 'संबंधित व्यक्तीचं मत अद्याप घेतलेलं नाही.' संचालकानं टिपण वाचलं. तळटीपेशी येऊन तो थांबला. तो म्हणाला, "ही टीप फार प्रामाणिक आहे," आणि सही केली. आधी टिपणावर, मग माझ्या पत्रावर. मुख्यालयाचं उत्तर आठवड्यानं आलं. तिन्ही शिफारशी मंजूर. तळटिपा शक्यतो टाळाव्यात.

निरोप समारंभ शुक्रवारी अकराला झाला. केक होता, फुलं होती, एक पाकीट होतं आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र होतं. संचालकानं दहा मिनिटं भाषण केलं. त्यात त्याच्या आजोबांचा गिरणीतला संप आला, श्रमाची प्रतिष्ठा आली, विश्रांतीचा हक्क आला. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला आणि मलाही गहिवरून आलं, कारण भाषण खरंच चांगलं होतं. आमच्या तिघांतली तिसरी म्हणजे ऑफिस मॅनेजर, सिंगापूरचीच. तिला आंटीची बोली येत होती, म्हणून भाषण संपल्यावर भाषांतर तिनं केलं. ते एकाच वाक्यात संपलं. आंटीनं मान डोलावली, प्रशस्तिपत्र काखेत धरलं आणि माणसं मोजून केकचे समान तुकडे सगळ्यांना कापून दिले. नंतर मी मॅनेजरला विचारलं, "एवढ्या मोठ्या भाषणाचं तू काय सांगितलंस?"

"उद्यापासून यायचं नाही," ती म्हणाली.

जाताना आंटीनं बशा धुतल्या. नको नको म्हटलं तरी स्टुलावर बसून सगळ्या धुतल्या. मग स्टूल भिंतीला लावून ठेवलं. मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. ती मला म्हणाली, "आय डू समथिंग राँग, आह?" मी म्हटलं, नाही आंटी, काही चुकलं नाही, उलट हे तुमच्या सन्मानासाठी आहे. लिफ्ट आली. तिनं माझ्या हातात तिचा केकचा तुकडा दिला, टिश्यूत बांधलेला. "फॉर युअर मदर."

आईनं तो केक खाल्ला नाही. टिश्यूसकट फ्रिजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच गं माय." मग दोन महिने भरल्यावर ती औरंगाबादला परत गेली. केक मीच टाकून दिला.

ऑफिसात कप धुण्याची नवी पद्धत सुरू झाली. संचालकाला तिचा अभिमान होता. पाहुण्यांना तो आवर्जून सांगायचा की इथे प्रत्येकजण आपला कप आपण धुतो. त्याचा स्वतःचा कप मॅनेजर धुवायची, कारण तो विसरायचा. दुसऱ्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. कपावरचं चिन्ह पुसलं गेलं, कप कोरा झाला, आंटी तशीच राहिली. चौकटीच्या शेवटी एक वाक्य वाढवायला मुख्यालयानं सांगितलं होतं. ते मी लिहिलं: 'आज ती सन्मानानं निवृत्त झाली आहे.' खरं की खोटं याची चौकशी मी केली नाही. सकाळच्या एमआरटीत ती दिसेनाशी झाली होती, आणि मीही एक गाडी उशिरानं जायला लागले होते.

पुढे दोन-तीन महिन्यांनी तिकडून पक्षाचे पाच प्रतिनिधी अभ्यासदौऱ्यावर आले. रविवारी त्यांना कुठे न्यायचं म्हटल्यावर मी ईस्ट कोस्टचं हॉकर सेंटर, म्हणजे समुद्राकाठचं उघडं फूड सेंटर सुचवलं. समुद्र आहे, सायकली आहेत, काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे, साटे, चांगले मिळतात. पाहुणे खूश झाले. भरपूर खाल्लं आणि टेबलावर ताटांचा, काड्यांचा आणि नारळांचा ढीग ठेवून संचालकाबरोबर पाण्याकडे फिरायला गेले. मी बॅगा सांभाळायला बसले. एका पाहुण्यानं आमच्या अहवालाची दुसरी आवृत्ती टेबलावरच टाकली होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर नारळ ठेवला होता.

ताटं उचलायला बाई आली ती आंटी होती.

तिनं आधी मला ओळखलं. "आह, यू!" ती म्हणाली. "स्टिल सो थिन." ढगळ गणवेश होता, पायांत रबरी बूट होते, आणि ढकलगाडीच्या दांडीवर तिनं सगळा भार टाकला होता. मी पटकन उठून खुर्ची पुढे केली. तिनं मान हलवली आणि हनुवटीनं मागे खूण केली. पलीकडे सुपरवायझर उभा होता. "कॅनॉट सिट," ती म्हणाली. मी परत बसले. तिनं नारळ उचलला, खालचा अहवाल फडक्यानं पुसायला घेतला, आणि थांबली. दुमडलेलं पान चौकटीचंच होतं.

"धिस मी," ती म्हणाली. मग जवळ धरून पुन्हा बघितलं. "राइट वॉट?" काय लिहिलंय?

मी वाचायला लागले. सोप्या इंग्रजीत, एकेक वाक्य.

'ती पासिर रिसला राहते.' तिनं मान डोलावली.

'वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती रोज परक्यांचे कप धुते.' "सेव्हंटी-फोर," ती म्हणाली. "अँड नॉट स्ट्रेंजर. यू ऑल."

'विश्रांतीचा तिचा हक्क बाजारानं हिरावून घेतला आहे.' तिला 'मार्केट' म्हणजे मंडईही वाटली नाही, तिला त्याचा काही अर्थच लागला नाही. "वॉट मीन?" तिनं विचारलं.

माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी ते काढलं आणि वाक्य खोडलं. आधीचंही खोडलं.

'तिचे हात आपल्याला प्रश्न विचारतात.' आंटीनं आपले हात उलटसुलट करून बघितले. "आस्क वॉट?" तिनं खरोखरच विचारलं होतं; तिला कळून घ्यायचं होतं. मी तेही खोडलं.

शेवटचं वाक्य मला वाचायचं नव्हतं. पण ती वाट बघत होती, आणि आमच्या घरात अर्धं वाचून कुणी कधी थांबलं नव्हतं. मी वाचलं. 'आज ती सन्मानानं निवृत्त झाली आहे.'

"रिटायर?" ती म्हणाली. "हू रिटायर?"

मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी ते वाक्य खोडलं, दोनदा रेघ मारून. चौकटीत एकच वाक्य उरलं. ती पासिर रिसला राहते.

सुपरवायझरनं हाक मारली. आंटीनं ताटं गाडीवर रचली, काड्या गोळा केल्या, टेबल पुसलं. जाता जाता तिनं फडक्याच्या टोकानं फोटो दाखवला. "धिस वन," ती म्हणाली, "यू से स्टँड, आय स्टँड. राइट दॅट वन लाह."

मी लिहिलं. तिनं ते वाचून दाखवायला सांगितलं नाही, तरी मी मोठ्यानं वाचलं, आणि ऐकून ती पुढच्या टेबलाकडे गेली.

सोमवारी मी ते पान संचालकाच्या टेबलावर ठेवलं आणि आंटी कुठे आहे तेही सांगितलं, या वेळी तळटीप न करता. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्याच दिवशी त्यानं कंत्राटदाराला स्वतः फोन केला. तिच्या जागी तिथे दुसरी कुणी मिळेपर्यंत तिला सोडता येणार नाही, असं उत्तर आलं, आणि दुसरी कुणी मिळाली नाही. चौकटीबद्दल तो म्हणाला की दोन वाक्यं फार थोडी होतात, त्यातून पक्षानं काय करायचं ते कळत नाही. तिसरी आवृत्ती निघाली नाही. स्टूल अजून भिंतीला लावलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी औरंगाबादला फोन लावला. आईला म्हटलं, काही विचारू नकोस, आधी ऐक, आणि दोन्ही वाक्यं मराठीत वाचून दाखवली. ती पासिर रिसला राहते. फोटोत ती उभी आहे, कारण मी तिला उभं राहायला सांगितलं.

मी पेन हातात धरून थांबले. तिनं 'म्हंजे काय' असं विचारलं नाही.